दिसायला की पावसाला?

मे महिन्याच्या अखेरीस गोवंडी स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर निळ्या ताडपत्रीच्या गुंडाळ्या उभ्या राहिल्या, की देवनारात पावसाळा जवळ आला असे समजावे. वेधशाळेचा अंदाज त्यानंतर येतो. ताडपत्री छपरांसाठी असते. तिच्या शेजारी छत्र्या, आणि छत्र्यांच्या वर दोरीला ओळीने टांगलेले रेनकोट. यंदा त्या दोरीखाली उभे राहून आम्ही दुकानदाराला आमची अपेक्षा सांगितली. रेनकोट अंगावर बरा दिसला पाहिजे आणि त्यातून पाण्याचा थेंबही आत येता कामा नये. अपेक्षा फार मोठी आहे असे आम्हांला वाटत नव्हते. दुकानदाराने हातातली काठी खाली केली आणि शांतपणे विचारले, "मॅडम, तुम्हाला दिसायला पाहिजे की पावसाला?"

हाच प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे अधिक अवघड शब्दांत विचारत आलो आहोत. त्याचे उत्तर आम्ही कधी दिलेले नाही, कारण ते न देताही तास संपतो. दुकानदार मात्र उत्तरासाठी थांबला होता. त्याच्याकडे दोन दोऱ्या होत्या, आणि आम्ही जे सांगू त्याप्रमाणे तो काठी एकीकडे किंवा दुसरीकडे नेणार होता.

आम्ही इतके चिकित्सक का झालो होतो, ते सांगायला हवे. गेल्या वर्षीपर्यंत आमच्याकडे 'दिसायला' या दोरीवरचा रेनकोट होता. गडद हिरवा, कमरेला पट्टा, खांद्यांवर बटणाच्या पट्ट्या, तिरके खिसे. तो घालून आम्ही महाविद्यालयात शिरलो की मुली त्याचे कौतुक करत, आणि आम्ही ते ऐकलेच नाही असे दाखवत असू. तो खांद्यावर झिरपतो हे आम्हांला ठाऊक होते. खांदा वाळतो, म्हणून आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले. जुलैतल्या एका संध्याकाळी, स्थानकापासून घरापर्यंतच्या वीस मिनिटांत, खांद्यावर झिरपलेले पाणी आत लावलेल्या पिशवीच्या पट्ट्याचा आधार घेत पिशवीत उतरले. पिशवीत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचा गठ्ठा होता. विषय होता व्यवसायबोली. बहुतेक प्रकल्प छापील होते. पंख्याखाली वाळवल्यावर ते वाचता आले. एक हाताने लिहिलेला होता.

तो प्रकल्प शिवाजीनगरच्या बाजूने येणाऱ्या एका विद्यार्थिनीचा होता. १९२७ साली सुरू झालेल्या देवनारच्या कचराभूमीभोवती जी वस्ती वाढली, तिच्यात भंगार वेगळे करण्याचा धंदा घरोघर चालतो. या मुलीच्या घरी प्लॅस्टिक निवडतात. आई, मावशी आणि शेजारणी निवडताना जे शब्द सहज वापरतात, ते तिने कान देऊन टिपले होते. एकूण चौसष्ट शब्द. प्रत्येकाचा अर्थ, आणि तो कोणाच्या तोंडून ऐकला याची नोंद. आमच्या हाताशी असलेल्या कोशांत त्यांतले बरेच शब्द नव्हते. पाने उलगडली तेव्हा समासाची रेघ तेवढी शाबूत होती. बाकी सगळीकडे निळे डाग पसरले होते.

सर्वांत लाजिरवाणी गोष्ट अजून सांगायची आहे. तिने तो प्रकल्प प्लॅस्टिकात घट्ट गुंडाळून आणला होता. वस्तीतून महाविद्यालयापर्यंत, त्याच पावसातून, तो कोरडा पोहोचला होता. ते गबाळे प्लॅस्टिक काढून टाकून आम्हीच तो पुठ्ठ्याच्या नीटस फायलीत लावला होता. दुसऱ्या दिवशी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "चालेल मॅडम, परत लिहिते." त्या 'चालेल'मध्ये तक्रार नव्हती. ती असती तर सोपे झाले असते.

तर रेनकोट गळतो कसा, याचा अभ्यास आम्ही अशा कारणाने केला. जलरोधक कापडाची परीक्षा ठरलेली आहे. कापड ताणून बसवतात, त्यावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि किती मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा भार त्याने सोसला ते मोजतात. महागड्या कोटांच्या चिठ्ठीवर पाच हजार, दहा हजार असे जे आकडे दिसतात ते हेच. पण ही परीक्षा कापडाची असते, कोटाची नव्हे. कोट शिवावा लागतो, आणि सुईचा प्रत्येक टाका हे एक भोक असते. चांगल्या कोटात शिवणीवर आतून उष्णतेने पट्टी चिकटवून ही भोके बुजवतात; स्वस्त कोटात ती नसते, किंवा काही दिवसांनी सुटून लोंबू लागते. आता आमच्या हिरव्या कोटाची शोभा आठवावी. खांद्यांवरच्या पट्ट्या, कमरेचा घेर, तिरके खिसे : शोभा म्हणजे शिवण, आणि शिवण म्हणजे भोक. जिथे तो सर्वांत देखणा होता, बरोबर तिथेच तो गळत होता.

या घाटाला इतिहास आहे. खांद्यांवर पट्ट्या असलेला कोट पहिल्या महायुद्धातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या अंगावरून जगभर पोहोचला. त्याचे प्रसिद्ध कापड, गॅबर्डीन, थॉमस बर्बेरी याने १८७९ साली काढले. त्या कापडावरून पाणी ओघळून जाते. संततधार अडवण्याचा त्याचा दावा नव्हे. पाणी पूर्ण अडवणारा कोट त्याही आधीचा. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ साली दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून तो सिद्ध केला. सुरुवातीचे हे कोट थंडीत कडक होत, उन्हात चिकट होत आणि त्यांना वास येई. रबरावर गंधकाची प्रक्रिया करण्याची रीत सापडल्यावर ते दोष गेले. आपल्याकडे सुरेंद्र मोहन बोस यांनी १९२० साली कलकत्त्यात स्वदेशी जलरोधक कापडाचा कारखाना काढला, आणि त्याचा 'डकबॅक' रेनकोट भारतातल्या कित्येक पिढ्यांनी शाळेत जाताना घातला.

पाणी अडवण्याचा प्रश्न असा दोनशे वर्षांपूर्वीच सुटला होता. मग आम्ही कोरडे का राहत नाही? याचे उत्तर कोटाच्या आत आहे. जो थर बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तो आतला घामही बाहेर जाऊ देत नाही. स्कॉटलंडच्या थंड पावसात हे निभावते. मुंबईचा पाऊस उबदार आहे आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तो दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. अशा हवेत पक्का जलरोधक कोट घालून पुलाचा जिना चढावा. वर पोहोचेपर्यंत माणूस आतून भिजलेला असतो. १९७६ च्या सुमारास 'श्वास घेणाऱ्या' पडद्याचे कोट बाजारात आले. त्यांची सूक्ष्म छिद्रे थेंबाला अडवतात आणि वाफेला वाट देतात. पण वाफ आतून बाहेर जायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी किंवा थंड हवी. जुलैतल्या देवनारात ती तशी नसते. श्वास घेणारा कोट इथे श्वास रोखून धरतो.

कोकणात आणि मावळात भाताची लावणी करणाऱ्यांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचा थर, आणि होडी पालथी घालावी तसा आकार. डोक्यावरून पाठीवर उतरणारे हे इरले अंगाला चिकटत नाही. ते वस्त्र नव्हेच. पाठीवर वाहून न्यायचे ते छप्पर आहे. पुढची बाजू उघडी, म्हणून वारा खेळतो. हात मोकळे, म्हणून रोप लावता येते. आणि वाकलेल्या पाठीवर ते नेमके बसते. छत्रीला हे जमत नाही, कारण छत्री एक हात मागते. पुढे पानांच्या जागी प्लॅस्टिक आले, पण घाट तोच राहिला. शहरात मात्र इरले आले नाही. ते वाकून काम करणाऱ्याचे होते, आणि शहरात आलेल्याला ताठ चालताना दिसायचे होते. आम्ही रेनकोट घेतला तो पावसासाठीच होता असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

साहित्याकडूनही या बाबतीत मार्गदर्शन मिळाले नाही. मराठी कवितेत पाऊस अमाप आहे, आणि त्यात माणसे हौसेने भिजतात. कोरडे राहण्याची इच्छा तिथे क्वचितच भेटते. भिजण्यात आनंद आहे हे आम्हांला मान्य आहे. पण घरी कोरडे कपडे असलेल्या माणसाला तो आनंद घेता येतो.

पडद्यावरच्या पावसात तरी रेनकोट आहे का, असा विचार करताना आमच्या शेजारचेच एक दृश्य आठवले. देवनारपासून जवळ, चेंबूरला, राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओ होता. २०१७ साली तो आगीत जळाला आणि पुढे विकला गेला. त्या संस्थेच्या 'श्री ४२०' (१९५५) या चित्रपटात राज कपूर आणि नर्गिस एका छत्रीखाली भिजतात, ते सर्वांना आठवते. त्याच गाण्यात रेनकोट घातलेली तीन मुले हात धरून चालत जातात. रणधीर, रितू आणि ऋषी ही राज कपूर यांचीच मुले ती. प्रेमिकांना छत्री आणि मुलांना रेनकोट ही वाटणी आम्हांला फार मार्मिक वाटते. छत्रीखाली दुसऱ्याला घेता येते. रेनकोटात घेता येत नाही. संस्कृत व्याकरणाच्या भाषेत छत्री द्विवचनी आहे आणि रेनकोट एकवचनी. त्यात एकच देह मावतो, आणि आपण कोरडे आहोत एवढ्यावर तो देह समाधान मानतो. आम्ही हिरवा कोट घालून चालत होतो तेव्हा आमच्या पाठीवर तीस जणांचे लेखन होते. त्याचा विचार त्या कोटाच्या बेतात नव्हता, आणि आमच्या मनातही नव्हता.

त्या मुलीने दोन आठवड्यांनी प्रकल्प पुन्हा आणून दिला. या वेळी तो साध्या बॉलपेनाने लिहिलेला होता. आम्ही कारण विचारले. पहिला प्रकल्प तिने मुद्दाम जेल पेन विकत घेऊन लिहिला होता, कारण मॅडमना द्यायचा म्हणजे अक्षर चांगले दिसायला हवे. दिसायला. तिच्या घरी कोणतीही वस्तू कशी टिकेल याचा विचार आधी होतो. दिसण्याचा विचार तिने आमच्यासाठी केला होता, आणि तो आमच्याकडूनच शिकली होती. नीटनेटकेपणाचे पाच गुण आम्ही दरवर्षी देतो.

चौसष्टांपैकी सत्तावन्न शब्द परत आले. उरलेले सात ज्या म्हाताऱ्या शेजारणीकडून मिळाले होते, ती मधल्या काळात गावी निघून गेली होती. ते सात शब्द आजही आमच्याकडे नाहीत.

प्रकल्प नव्यानेही प्लॅस्टिकातच गुंडाळलेला होता. कोणते प्लॅस्टिक घ्यावे, असे आम्ही तिला विचारले. तिने आमच्या टेबलावरचीच दोन प्लॅस्टिके उचलली आणि एकेक कानाजवळ चुरगळली. "हे वाजतं ना, ते चकचकीत असतं, पण घडीवर चिरतं. हे वाजत नाही. दिसायला घाण दिसतं, पण पाणी जात नाही यातून." निवडणे हा शब्द समीक्षेत आम्ही बराच वापरतो. इतक्या कमी शब्दांत, निकष सांगून आणि समोर दाखवून केलेली निवड आम्ही वर्गात फारशी पाहिलेली नाही.

यंदाच्या मेमध्ये दुकानदार काठी धरून थांबला होता तो या सगळ्या पार्श्वभूमीवर. आम्ही म्हणालो, "पावसाला." त्याने दुसऱ्या दोरीवरून एक बिनबाह्यांचा, घोळदार प्रकार काढला. त्याला तो पोंचू म्हणाला. टोपीची शिवण सोडली तर त्याला शिवण जवळजवळ नाही. पाठीवरची पिशवी आत राहील एवढा तो ऐसपैस आहे, खालून हवा येते, आणि आरशात आम्ही इरल्याच्या बऱ्याच जवळ पोहोचलो होतो. रंगाचा हट्ट तेवढा आम्ही सोडला नाही. करड्याऐवजी विटकरी घेतला. रंगाला टाका लागत नाही.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात तो घालून आम्ही स्थानकावरून चालत आलो. कोपरापर्यंत हात भिजले, गुडघ्यांखाली काही कोरडे राहिले नाही, आणि कुणी कौतुकही केले नाही. पिशवीतला गठ्ठा न वाजणाऱ्या प्लॅस्टिकात होता, तो कोरडा निघाला. तपासून होईपर्यंत आता आम्ही त्याला फाईल लावत नाही.