शेवट कळल्यानंतर

शुक्रवारी पिक्चर लागतो आणि सोमवारी जालन्यात त्याचा निकाल लागलेला असतो. गांधी चमनजवळ चहा पिताना, मोंढ्यात मापं होईपर्यंत ताटकळताना, अंबड चौफुलीवर बसची वाट पाहताना, एमआयडीसीतल्या स्टीलच्या कारखान्यात पाळी बदलताना हा निकाल तोंडोतोंडी फिरतो. ‘पैसा वसूल आहे.’ ‘फर्स्ट हाफ भारी, इंटरव्हलनंतर झोपला.’ ‘शेवट लय जबरदस्त, पण पटला नाही.’ यांतलं तिसरं मत कानावर आलं की मी हमखास रेंगाळतो. धक्का बसला हे तो माणूस मोकळेपणानं मान्य करतो आणि तो धक्का द्यायचा हक्क पिक्चरनं कमावला होता का, हेही त्याच दमात विचारतो. समीक्षेचं एकही पुस्तक न वाचता त्यानं समीक्षेच्या गाभ्यालाच हात घातलेला असतो.

या गप्पांना लोक टाइमपास म्हणतात. मला त्या तेवढ्याच वाटत नाहीत. सिनेमा पाहणं अडीच तासांत संपतं. त्याचं काय करायचं हे मात्र अशा बोलण्यातच ठरत जातं. आणि आमच्या भागाला या बोलण्याची सवय फार जुनी आहे, कारण आमच्याकडे पिक्चर डोळ्यांआधी कानांवर यायचा.

माझं आजोळ परतूर तालुक्यातलं. मामा जालन्याला कामाला होते आणि सुट्टीला गावी आले की रात्री ओसरीवर माणसं जमायची. मामा पिक्चर सांगायचे. संगीत तेच, मारामारी तेच, पावसाचा आवाजही तेच. बरोबर मध्यावर थांबून ‘आता इंटरव्हल’ म्हणायचे आणि आतून चहा यायचा. ‘ज्वेल थीफ’ मी पडद्यावर पाहण्याच्या कितीतरी आधी मामांच्या तोंडून ऐकला होता. पण त्यांचा एक नियम होता. ज्या पोरांना आज ना उद्या शहरात जाऊन पिक्चर बघायला मिळणार, त्यांना ते रहस्य सांगत नसत. ‘पुढचं पडद्यावर बघा,’ एवढं म्हणून उठायचे. आजीला मात्र सगळं सांगायचे. आजी थिएटरात जाणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. पोरं झोपली की तिच्याजवळ बसून हळू आवाजात शेवट पुरा करायचे.

एकदा त्यांनी ‘मेरा साया’ सांगितला. बायको वारली असं मानणाऱ्या एका वकिलासमोर एक आरोपी बाई उभी राहते आणि म्हणते, मीच तुमची बायको. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘इतकी वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला आपली बायको ओळखू येऊ नये, हे कसं?’ मामा गडबडले. मग दोघांचा वाद रंगला. आजीनं तो पिक्चर जन्मात पाहिला नाही, तरी त्याच्या कथेचा सगळ्यात नाजूक सांधा तिनं अचूक पकडला होता.

हीच गोष्ट मराठीत आधी येऊन गेली होती. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ 1964चा, राज खोसला यांचा ‘मेरा साया’ 1966चा. एक पाहिलेल्याला दुसऱ्याचं रहस्य आधीच ठाऊक असणार. तरी आमच्या आधीच्या पिढीनं दोन्ही पाहिले आणि कोणता सरस यावर वाद घातले. रहस्य एकच असताना वाद कशावर? तर ते कसं झाकलं यावर, कुणी ते किती ताणलं यावर, काशिनाथ घाणेकर आणि सुनील दत्त यांच्यात नवऱ्याची घालमेल कुणी जास्त खरी केली यावर. म्हणजे रहस्य फुटल्यावरही बोलण्यासारखं पुष्कळ उरलं होतं.

आज रहस्याचं भय फार वाढलं आहे. कुणी तोंड उघडलं की समोरचा कानावर हात ठेवतो, ‘भौ, शेवट सांगू नको!’ ही मर्यादा मला मनापासून आवडते. आपल्याला मिळालेला आनंद दुसऱ्यालाही तसाच, ताजा मिळावा म्हणून जीभ आवरणं हा चांगुलपणाच आहे. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्ती यांचं ‘द माउसट्रॅप’ हे नाटक 1952मध्ये सुरू झालं. प्रयोग संपल्यावर खुनी कोण हे बाहेर कुणाला सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. करोनाच्या साथीनं मध्ये पाडलेला खंड सोडला तर नाटक चालूच आहे आणि पिढ्यान् पिढ्या प्रेक्षक त्या विनंतीचा मान राखत आले आहेत.

पण शेवट कळला म्हणजे सगळं संपलं, हे मला मान्य नाही. आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. तिथं काय किंवा गावोगावच्या देवळांत काय, रामकथेच्या कीर्तनाला बसलेल्या कोणत्या माणसाला पुढं काय होणार हे माहीत नसतं? वनवास होणार, सीताहरण होणार, रावण पडणार. तरी बुवा त्या जागेवर आले की माणसं सरसावून बसतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या लेविट आणि ख्रिस्टनफेल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2011मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही वाचकांना कथेचा शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. शेवट ठाऊक असलेल्यांना कथा सरासरीनं थोड्या जास्तच आवडल्या. पुढच्या काही अभ्यासांनी याच्या उलटही दाखवलं, त्यामुळं हा शेवटचा शब्द नाही. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं, की धक्क्याचा आनंद आणि कथेचा आनंद हे दोन वेगळे आनंद आहेत. पहिला एकदाच मिळतो. दुसरा पुन्हा पुन्हा मिळू शकतो, पण कथेत तेवढा दम असला तरच.

तो दम ओळखायचा कसा? आमच्या वादांत सगळ्यात जास्त वेळा येणारं नाव ‘दृश्यम’चं. मूळ मल्याळम चित्रपट जीतू जोसेफ यांचा, 2013चा. हिंदीत तो 2015मध्ये निशिकांत कामत यांनी केला. ‘डोंबिवली फास्ट’ करणारा हा आपला मराठी दिग्दर्शक 2020मध्ये अकाली गेला. पिक्चरचा नायक विजय साळगावकर हा गोव्यातला केबलवाला, चौथी नापास, रात्र रात्र दुकानात बसून सिनेमे पाहणारा. घरावर संकट येतं तेव्हा त्याच्याजवळ सत्ता नाही, शिक्षण नाही, वशिला नाही. पाहिलेले सिनेमे तेवढे आहेत. त्यांच्या जोरावर तो दोन आणि तीन ऑक्टोबर या तारखा अशा काही माणसांच्या आठवणीत बसवतो की खोटं सांगतोय असं त्या माणसांनाही वाटत नाही. अजूनही दर दोन ऑक्टोबरला त्या बनावातला पणजीचा सत्संग आणि पावभाजी यांचे विनोद फोनवर येतात. पडद्यावरच्या माणसांच्या डोक्यात घातलेली तारीख आपल्याही डोक्यात जाऊन बसली, याची ही साक्ष.

‘दृश्यम’चा शेवट मी इथं सांगणार नाही. पण तो कळल्यावर पिक्चर पुन्हा पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते: आपल्यापासून चोरून काही ठेवलेलं नव्हतं. उत्तर पडद्यावर येऊन गेलेलं असतं, आपलंच लक्ष दुसरीकडं असतं. माझ्या लेखी प्रामाणिक धक्क्याची ही पहिली खूण. प्रेक्षकाला चकवा जरूर द्यावा, पण मागं वळून पाहिल्यावर वाट दिसली पाहिजे. ऐन शेवटी आकाशातून पडलेला जुळा भाऊ, अचानक परत आलेली स्मृती, ‘हे सगळं स्वप्न होतं’ ही पळवाट, यांनी धक्का बसतो, पण त्या धक्क्यात अपमान असतो. आपण अडीच तास ज्याच्यावर विश्वास ठेवला त्यानंच तो मोडलेला असतो. ‘पटला नाही’ म्हणणारा माणूस हीच तक्रार करत असतो.

श्रीराम राघवन यांच्या 2018च्या ‘अंधाधुन’वर आमच्यात सरळ दोन पक्ष आहेत. पुण्यात घडणाऱ्या या कथेतला पियानोवादक शेवटी जे सांगतो ते खरं की रचलेलं, यावर दोन्ही बाजू पुरावे काढतात. कुणी पहिल्या दृश्यातला ससा आणतो, कुणी शेवटचं दृश्य. मला कौतुक याचं, की त्यासाठी माणसं पिक्चर पुन्हा बघतात, थांबवून बघतात, मागं नेऊन बघतात. कोर्टात वकील जसा पुरावा मागतो तसे कारखान्यातले फिटर आणि दुकानातले सेल्समन एकमेकांना ‘कुठं दाखवलंय?’ म्हणून अडवतात. मराठीत अशा चकव्यांची कमतरता नाही. मूळचे औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, चंद्रकांत कुलकर्णी यांनी 1999मध्ये ‘बिनधास्त’ केला. खुनाचं रहस्य, आणि पडद्यावर सगळ्या बायकाच. तमिळमध्येही तो गेला. परेश मोकाशी यांच्या ‘वाळवी’नं 2023मध्ये दाखवून दिलं, की एका बिनचूक वाटणाऱ्या बेताला माणसाच्या किरकोळ स्वभावानंसुद्धा तडा जातो. तिथला शेवटचा फटका किती आधीपासून आपल्या नजरेसमोर होता, हे उमगल्यावर दाद द्यावीच लागते.

आणि मग ‘सैराट’. 29 एप्रिल 2016ला तो आला तेव्हा गाण्यांवर नाचणारी तरुण पोरं शेवटी जागची हलली नाहीत. त्या शेवटावरचा वाद आमच्याकडं अजून मिटलेला नाही. एकजण म्हणाला, ‘असला ट्विस्ट कशाला? सुखात दाखवला असता.’ दुसरा शांतपणे म्हणाला, ‘याला ट्विस्ट म्हणतोस? आपल्याला माहीत नव्हतं का?’ त्या प्रश्नावर सगळे गप्प झाले. जातीच्या नावाखाली काय घडतं हे मराठवाड्यातल्या माणसाला ठाऊक असतं. गाण्यांच्या भरात आपण ते विसरलो होतो. दिग्दर्शक नागराज मंजुळे विसरले नव्हते. शेवटच्या दृश्यातून त्यांनी आवाजच काढून घेतला, संगीत नाही, आक्रोश नाही. कथेतलं वळण असंही असतं, हे मला त्या वादात समजलं. नवी माहिती न देता ते आपल्यालाच आपली जुनी माहिती दाखवतं, आणि ती आपण कुठं लपवून ठेवली होती हेही दाखवतं. ‘सुखात दाखवला असता’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रालाही मी चूक म्हणणार नाही. त्याला पिक्चरमधलं ते प्रेमी जोडपं जगायला हवं होतं. ती इच्छा धरणारी माणसं वाढली तर एक दिवस तसा शेवट खराही वाटेल.

अशा पिक्चरला पाचपैकी किती स्टार द्यायचे? हल्ली वादाची सुरुवातच आकड्यानं होते. स्टार किती, दहापैकी किती, तिकीट बुक करताना दिसणारे टक्के किती आणि सगळ्यात वर, कोटी किती. आकडा सोपा असतो, पटकन सांगता येतो. साठेक किलोमीटर जाऊन छत्रपती संभाजीनगरच्या मल्टिप्लेक्समध्ये पिक्चर बघायचा, तिकिटं, पेट्रोल, पोरांचे पॉपकॉर्न धरून खर्च करायचा, तर आधी चौकशी करणं रास्तच आहे. पण आकडा त्या क्षणाचा असतो. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ ऑक्टोबर 2018मध्ये आला आणि बेताचाच चालला. पाहिलेल्यांनी न पाहिलेल्यांना सांगणं थांबवलं नाही. सप्टेंबर 2024मध्ये तो पुन्हा थिएटरांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. पिक्चरमध्ये काही बदललं नव्हतं. मधल्या सहा वर्षांत त्याच्यावर बोललं गेलं होतं.

जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964मध्ये इथं महिको ही बियाणं कंपनी उभी केली आणि 1998मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण जाणता शेतकरी पिशवीवरचा उगवणीचा आकडा वाचूनही घरी शंभर दाणे मोजतो, ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि आठवड्यानं उघडून उगवलेले दाणे पुन्हा मोजतो. पिक्चरचंही असंच करावं असं मला वाटतं. थिएटरातून बाहेर पडताना दिलेले गुण खोटे नसतात, पण कच्चे असतात. आठ दिवसांनी त्यातलं काय उगवून वर आलं, ते पाहावं. कधी साडेचार स्टारच्या पिक्चरमधलं एक दृश्य आठवत नाही, आणि ‘बरा होता’ म्हणून सोडलेल्या पिक्चरमधली एखादी बाई मनातून हलत नाही.

म्हणून मला या वाद घालणाऱ्या माणसांविषयी प्रेम वाटतं. त्यांना मानधन नाही, पास नाहीत, निर्मात्याशी ओळख नाही. स्वतःच्या घामाच्या पैशानं तिकीट काढून ती येतात आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं बोलतात. ज्या जिल्ह्यात पाऊस, भाव आणि भरती यांवर बोलतानाच दिवस मावळतो, तिथं एखाद्या काल्पनिक माणसानं बरोबर केलं की चूक, यावर अर्धा तास भांडायला मिळणं ही चैन आहे आणि ती माणसाला लागते. न्याय म्हणजे काय, बापानं मुलीसाठी कुठवर जावं, खोटं कधी माफ करावं, हे प्रश्न आपल्या घराबद्दल असले की आवाज चढतात. विजय साळगावकरबद्दल असले की विचार सुटा होतो.

माझं मागणं साधं आहे. गुण द्या, हातचं न राखता द्या, पण ‘का’ तेही सांगा. ज्याला पाहायचा आहे त्याच्यासाठी शेवट जपून ठेवा. ज्याला पाहायला मिळणार नाही, त्याच्याजवळ बसून तो पूर्ण सांगा. आणि दोघांनी पाहिला असेल तर मात्र काही राखून ठेवू नका. पिक्चरनं आपल्याशी इमान राखलं का, हे त्या वेळी कडकडून भांडून ठरवा. ज्या गावातले प्रेक्षक असं भांडतात, तिथं प्रेक्षकाला गृहीत धरणाऱ्या पिक्चरची डाळ फार दिवस शिजत नाही.