अभिधा

वर्गात शब्दशक्ती शिकवताना मी दरवर्षी सांगते, की शब्दाचा सरळ अर्थ लागू पडत नसेल, तरच लक्षणेकडे वळावे. घरी मात्र हा नियम मी विसरले.

"अगं, पाय माझे राहिले नाहीत," असे आई म्हणाली, तेव्हा ते वाक्य मला सुंदर वाटले. वार्धक्याचे किती नेमके वर्णन, असे वाटून मी ते वहीत टिपूनही ठेवले. त्याआधी महिनाभर तिची पाठ दुखत होती. आडवे झाले की दुखणे वाढे, म्हणून ती रात्ररात्र खुर्चीत बसून काढी. सात वर्षांपूर्वी तिच्या स्तनाच्या कर्करोगावर उपचार झाले होते आणि तो विषय संपला, असे आम्ही धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी ती उठूच शकली नाही. अशक्तपणा समजून आम्ही आणखी तीन दिवस घालवले. रुग्णालयात नेले तेव्हा पाय जराही हलत नव्हते; लघवीही अडली होती.

एमआरआयमध्ये कारण दिसले. कर्करोग मणक्यात पसरला होता आणि तिथली गाठ मज्जारज्जूवर दाब देत होती. सूज उतरावी म्हणून लगेच डेक्सामेथासोन सुरू झाले, पाठोपाठ रेडिएशन. मी शस्त्रक्रियेविषयी विचारले, तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे वेळ निघून गेल्याचे सांगितले.

पुढे मी वाचले. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये रॉय पॅचेल आणि सहकाऱ्यांचा १०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेने दाब काढून मग रेडिएशन दिलेल्यांपैकी ८४ टक्के रुग्ण उपचारानंतर चालू शकले; केवळ रेडिएशन मिळालेल्यांपैकी ५७ टक्के. मात्र पाय पूर्ण लुळे पडून ४८ तासांहून अधिक काळ लोटलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. उपचार सुरू होताना जो चालत असतो, त्याचेच चालणे बहुधा टिकते.

आईचे चालणे परतले नाही. पाठदुखी मात्र रेडिएशनने निवली आणि ती रात्री आडवी होऊन झोपू लागली. हेही थोडे नव्हते. एकदा तिची कूस बदलताना मी त्या वहीची कबुली दिली. ती म्हणाली, "मी आपलं सरळच सांगितलं होतं गं."

कर्करोग होऊन गेलेले माणूस पाठ दुखते, पाय जड झाले म्हणाले, तर ते वाक्य शब्दशः घ्यावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. वहीतले ते पान मी फाडलेले नाही. यंदाही लक्षणा शिकवीन. पण आधी अभिधेपाशी थोडी अधिक थांबेन.