बाळ आज गप्प का?

मागल्या श्रावणातली गोष्ट. थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे जव्हारला आली होती. नववा लागलेला. बाहेर पावसाची झड, धुक्यात समोरचं घरही दिसेना. मी वरणफळं करत होते. लेक म्हणाली, "आई, सकाळपासून बाळ फारसं फिरलं नाही गं."

मी पातेल्यावरची नजरही न काढता म्हटलं, "अगं, दिवस भरत आले की बाळ गप्पच असतं. गार दूध पी, उड्या मारील बघ."

भांडी घासणाऱ्या मावशींचे हात थांबले. त्या मोखाड्याकडच्या पाड्यावरच्या. "ताई, सुनेला आम्हीही असंच सांगितलं. सकाळी बघू म्हटलं. रात्री ओहोळाला पाणी आलं. सकाळी उशीर झाला होता." एवढं बोलून त्या पुन्हा भांडी घासू लागल्या.

मी गॅस बंद केला. दवाखान्यात पोटाला पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढला. ठोके मंदावत होते. त्याच रात्री सिझेरियन झालं. नात आता घरभर रांगते.

डॉक्टरीणबाईंनी माझे कान उपटले. शेवटी शेवटी हालचालीची तऱ्हा बदलते, पण ती कमी होता कामा नये. पहिली हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांना कळते. २४ पर्यंत कळलीच नाही तर दाखवावं. २८ आठवड्यांनंतर आपल्या बाळाची रोजची रीत ओळखून ठेवावी. शंका आली तर डाव्या कुशीवर निवांत पडून मोजावं. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत, किंवा दहा होऊनही नेहमीपेक्षा कमी वाटल्या, तर तडक दवाखाना गाठावा. हालचाल अगदीच थांबली असेल तर मोजतही बसू नये. रात्र असो की सणवार. १०२ किंवा १०८ वर फोन केला की सरकारी गाडी येते, पैसे पडत नाहीत.

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका बाईला रस्त्याअभावी झोळीतून न्यावं लागलं. तिची जुळी बाळं गेली. त्या बायांना वाट नसते. आपल्या दाराशी रस्ता असतो, तरी आपण 'सकाळी बघू' म्हणतो! बायांनो, लेकीसुनेचं ऐका. पोटातलं तिलाच कळतं.

बारशाला नातीला पाळण्यात मावशींनीच घातलं. मीच तसा हट्ट धरला होता.