तारीख कळवतो

अलिबागच्या इस्राएल आळीत माझा जन्म गेला. शेजारचे काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आडनावाला शेवटी ‘कर’, घरात तांदळाच्या भाकऱ्या, भांडणसुद्धा अस्सल मराठीतलं. त्यामुळे त्यांच्यातलं मला सगळं ठाऊक आहे, असा माझा समज होता. काका गेले त्या आठवड्यात तो उतरला.

शुक्रवारी पहाटे गेले. मी लगेच कारभार हाती घेतला. “मुलगी इस्राएलमधल्या अश्दोदहून येईपर्यंत थांबू, बर्फाची पेटी मागवतो.” काकींनी नुसती मान हलवली. सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, मग शनिवार सरेपर्यंत दफन नाही. आणि मयत ताटकळत ठेवणं त्यांच्यात बरं मानत नाहीत. दुपारीच नेलं. साधं पांढरं कफन, त्याला खिसा नसतो. मी आणलेला निशिगंधाचा हार मुलाने घेतला आणि ओट्यावर ठेवून दिला. संध्याकाळी त्याचा शर्ट गळ्याजवळ फाटलेला दिसला, तर मी घरून इस्त्रीचा आणून दिला! तो शोकाचा म्हणून मुद्दाम फाडतात, हे काकींच्या भावाने मला बाजूला घेऊन सांगितलं.

हे आपलं किरकोळ. खरा घोळ फोनचा.

मुलाने वही दिली होती. ठाणे, पेण, रेवदंडा मिळून सोळा नंबर. “सात दिवस बसणार आहोत, रविवारपासून रोज संध्याकाळी या म्हणावं.” फोनवर बहुतेक म्हातारी माणसं, त्यात पावसाळा आणि वडखळचा रस्ता. म्हटलं, कशाला यांना रोज दामटायचं? दहाव्या-तेराव्याला येतातच की सगळे. मग मोठ्या समजूतदारपणे प्रत्येकाला सांगितलं, “धावपळ करू नका, इथे माणसं भरपूर आहेत. दिवसांची तारीख कळवतो.”

रविवारी संध्याकाळी आरशावर चादर, मुलगा खाली चटईवर, मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक. काद्दिश म्हणायचं होतं. त्यात मरणाचा शब्दही नाही, सगळी देवाची स्तुती, बहुतेक अरामी भाषेत. पण तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय ते म्हणता येत नाही. सात होते. आठवा आला. रेवदंड्याहून भिजत नववा आला. दार उघडंच होतं, सगळ्यांचे कान फाटकाच्या कडीकडे. मी डोक्याला रुमाल बांधून पुढे सरकलो. “मी आहे ना दहावा!” कुणी हसलं नाही. १९४८नंतर आळीतली घरं एकेक करून इस्राएलला गेली. आता दहा माणसं जमवायची तर तालुका पालथा घालावा लागतो. आणि जी जमली असती त्यांना मी घरी बसवलं होतं.

मुलाने पानात धरलेलं बोट काढलं आणि पुस्तक मिटलं. मला बोलला काहीच नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

रात्री पुन्हा सोळा फोन केले. चूक माझी, हे सोळा वेळा म्हणालो. पेणच्या आजोबांनी तर दोनदा वदवून घेतलं. सोमवारी बारा जण होते.

पुढच्या वर्षी तरी चुकायचं नाही म्हणून कॅलेंडरवर तारखेला गोल केला, आणि त्या सकाळी आंघोळ करून काकींकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या.

“वर्ष मागच्याच आठवड्यात झालं रे,” त्या म्हणाल्या. “आमच्यात तिथीने असतं. तुमच्यात नसतं का?”