रंग कुणावर गेलाय?

३१ जुलै २०२४ रोजी शिकागोमध्ये कृष्णवर्णीय पत्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन चालू होते. तिथे डोनाल्ड ट्रम्प यांनी कमला हॅरिस यांच्याबद्दल शंका काढली. या बाई इतकी वर्षे स्वतःला भारतीय म्हणवत होत्या आणि आता अचानक कृष्णवर्णीय झाल्या, असा त्यांचा सूर होता. मी बडोद्यात बसून ही बातमी वाचली. पुष्कळांना त्या बोलण्याचा धक्का बसला. मला मात्र तो सूर ओळखीचा वाटला. आमच्या नात्यागोत्यात हीच शंका जरा गोड शब्दांत काढतात.

खरे तर शंकेला जागाच नव्हती. कमलाची आई श्यामला गोपालन १९५८ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी भारतातून बर्कलीला शिकायला गेली. वडील डोनाल्ड हॅरिस जमैकाचे, अर्थशास्त्राचे अभ्यासक. नागरी हक्कांच्या चळवळीत ओढल्या गेलेल्या विद्यार्थ्यांमध्ये दोघांची ओळख झाली. १९६४ मध्ये ओकलंडला जन्मलेली त्यांची मुलगी पुढे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकली. गुलामीचा अंत झाल्यावर दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ कृष्णवर्णीयांच्या पिढ्यान्‌पिढ्या घडवत आले आहे. कमलाने आपल्या आत्मकथनात लिहिले आहे, की हा देश आपल्या दोन्ही मुलींकडे कृष्णवर्णीय म्हणूनच पाहणार हे आईला पक्के ठाऊक होते आणि तिने त्यांना तसेच, ताठ मानेने वाढवले.

‘हा देश पाहणार’ हे शब्द महत्त्वाचे. अमेरिकेत माणसाकडे कसे पाहायचे हे कायद्याने शिकवलेले आहे. इंग्रजांच्या परंपरेत मूल बापाच्या दर्जाचे मानले जाई. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये हा नियम उलटा केला: मूल आईच्या दर्जाचे. त्यामुळे मालकापासून गुलाम स्त्रीला झालेले मूल वारस न ठरता मालमत्ता ठरले. पुढे गुलामी गेली, हिशेब राहिला. व्हर्जिनियाच्याच १९२४च्या कायद्याने गोरा कोण, तर ज्याच्यात दुसऱ्या रक्ताचा मागमूसही नाही तो, असे ठरवले. १९३०च्या जनगणनेत गणकांना सूचना होती, की गोऱ्या आणि काळ्या रक्ताची व्यक्ती, काळ्या रक्ताचा अंश कितीही थोडा असला तरी, काळी म्हणूनच नोंदवावी. त्याच जनगणनेत ‘हिंदू’ हा एक वंश होता आणि पंजाबातून गेलेले शीखही त्यात मोडत. रकाने किती शास्त्रशुद्ध होते, ते यावरून दिसते.

उलटे गणितही त्याच देशात झाले. चार्ल्स कर्टिस हे १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेचे उपाध्यक्ष होते. त्यांच्या आईच्या बाजूने कॉ या आदिवासी जमातीचे रक्त होते. लहानपणीची काही वर्षे ते आजीबरोबर जमातीच्या राखीव भूमीवर राहिले. हा वारसा त्यांना राजकारणात अडचणीचा ठरला नाही, मिरवण्याजोगा ठरला. आदिवासींच्या बाबतीत रक्ताचा अंश जितका कमी, तितका जमिनीवरचा हक्क कमी धरला जाई. गुलामांची संख्या वाढण्यात मालकाचा फायदा होता आणि जमिनीच्या दावेदारांची संख्या घटण्यात सरकारचा. जमातींची सामाईक जमीन तुकड्यातुकड्यांनी वाटून टाकणारा १८९८चा एक कायदा खुद्द कर्टिस यांच्या नावाने ओळखला जातो. एकाच देशात एक थेंब एका ठिकाणी सर्वस्व ठरला आणि दुसऱ्या ठिकाणी पुरेसा ठरला नाही. रक्त तेच, वही निराळी.

म्हणून बराक ओबामांची एक लहानशी कृती मला मोठी वाटते. त्यांची आई कॅन्ससची गोरी, वडील केनियाचे. २००० पासून अमेरिकी जनगणनेत एकापेक्षा जास्त वंशांवर खूण करता येते. अशा खुणा करणारे तेव्हा २.४ टक्के होते. २०२० मध्ये ते १०.२ टक्के झाले. प्रश्न विचारण्याची आणि उत्तरे नोंदवण्याची पद्धत बदलली, हेही त्या वाढीमागचे एक कारण. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष असलेल्या ओबामांनी मात्र एकाच चौकटीत खूण केली: कृष्णवर्णीय. त्यांनी आईला पुसून टाकले, अशी टीका झाली. मला ते तसे वाटत नाही. ज्या नियमाने लोकांना एका बाजूला ढकलले, त्या बाजूला ढकललेल्यांनी तिथेच घर बांधले. चर्च, विद्यापीठे, वर्तमानपत्रे उभी केली. त्या घराचा मी आहे, असे म्हणणे ही रक्ताची टक्केवारी नव्हे. आईवरची माया जनगणनेच्या कागदावर सिद्ध करायची नसते.

मराठीत हे लिहिताना शब्दांचीच पंचाईत होते. ‘मिश्रवंशीय’ सरकारी वाटतो. ‘संकर’ म्हटले की एकीकडे बियाणे आठवते, दुसरीकडे धर्मशास्त्रातली वर्णसंकराची भीती. पण याच भाषेत दुसरीही परंपरा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्यांना अर्पण केली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. रक्ताचा एकही थेंब सामाईक नसताना जोडलेली ही नाती आहेत.

नोव्हेंबर २०२० मध्ये आपण जोडलेले नाते मात्र रक्ताचे होते. तमिळनाडूतल्या तुळसेंद्रपुरम या कमलाच्या आजोबांच्या गावी फलक लागले, देवळात पूजा झाली. ते गावाचे कौतुक होते, त्यात काही वावगे नाही. पण आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावरही ‘आपली मुलगी’ म्हणून पेढ्यांची चित्रे आली. दिवसभरात जमैकाचे नाव एकदाही आले नाही.

हा तोच गट होता. माझी भाची मेरीलँडमध्ये राहते. तिचा नवरा कृष्णवर्णीय. त्याचे आजी-आजोबा जॉर्जियातून उत्तरेकडे आलेले. लग्नाला आमच्याकडून चौघेच गेले. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाच्या मुलाची परीक्षा होती. खरे कारण कुणी तोंडातून काढले नाही. मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा बाळ-बाळंतिणीची चौकशी आटोपताच पहिला प्रश्न आला: “रंग कुणावर गेलाय?” कमलाबाईंच्या बाबतीत कुणाला हा प्रश्न पडला नाही. उपाध्यक्षपदावर पोचलेल्या बाईचा भारतीय अर्धा भाग तेवढा वेगळा काढून घेता येतो. घरातल्या मुलीच्या बाबतीत दुसरा अर्धा भाग आधी दिसतो.

शाळेत नाव घालताना भाचीने दोन्ही चौकटींत खुणा केल्या. फोनवर मला म्हणाली, “मावशी, कागदावर दोन्ही लिहीन. पण उद्या ही गाडी चालवायला लागली आणि पोलिसाने थांबवली, तर तो कागद वाचत बसणार नाही. म्हणून तिला आधी तिच्या बाबाचं घर नीट कळायला हवं. आपलं कळेलच हळूहळू.”

आपले घर तिला हळूहळू कळते आहे, हे खरे. मुलगी आता आठ वर्षांची आहे. ‘अर्धी आपली आहे ना,’ असे मायेने म्हणणारे नातलग आहेत आणि त्यांची माया खोटी नाही. पण अर्धे मूल कुणाच्या मांडीवर बसत नाही. दिवाळीत ती पहिल्यांदाच बडोद्याला येणार आहे. फराळाला घर भरेल, आणि कुणीतरी तिच्या केसांवरून हात फिरवून तो प्रश्न विचारेलच. मी दोघातिघांना आधीच फोन करून बजावले आहे. भाचीने तिच्याशी पहिल्या दिवसापासून मराठीच बोलायचे ठरवले होते; काय विचारले गेले, ते तिला समजेल.