पिवळी पाटी

आमच्या जमिनीच्या उत्तरेच्या हद्दीवर एक जुना शुगर मेपल उभा आहे. त्याच्या खोडावर, माणसाच्या नजरेच्या उंचीला, ती राहते. अंगाने साध्या टाइपाच्या कागदाएवढी, साडेआठ इंच रुंद आणि अकरा इंच उंच. रंग एके काळी हळदीसारखा पिवळा असणार. ऊन, पाऊस आणि बर्फ खाऊन आता तो ताकासारखा फिकटलाय. वर जाड काळ्या अक्षरांत एकच शब्द, 'पोस्टेड'. खाली बारीक अक्षरांत, इथे शिकार करायची नाही, मासे धरायचे नाहीत, सापळे लावायचे नाहीत. आणि तळाशी दोन रेघा, एक नावाची आणि एक तारखेची. नाव आमच्या आधीच्या मालकाचं. तारीख मार्करने घातलेली, आम्ही व्हरमाँटमध्ये ही जमीन घेतली त्याच्याही चार वर्षं आधीची.

जवळ जाऊन पाहिलं की कळतं, मेपलने तिला गिळायला घेतलंय. झाड जाडीने वाढतं आणि वाढता वाढता साल पाटीच्या कडांवर चढते. डावीकडचा वरचा कोपरा सालीत पार बुडालाय. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यावर दातांच्या खोल खुणा आहेत. अस्वलं असं प्लॅस्टिक चावतात. मधोमध एक गोल भोक आहे, छऱ्याचं नव्हे, बंदुकीच्या गोळीचं. कुणाचा तरी राग तिने छातीवर झेललाय. खिळे मात्र अजून चमकतात, कारण ते अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. पुढेमागे झाड कापायची वेळ आली तर लोखंडी खिळ्यावर करवतीचे दात तुटतात, अ‍ॅल्युमिनियमवर तुटत नाहीत. ज्याने ती ठोकली त्याला जमिनीची राखण करायची होती आणि पुढे कधीतरी करवत चालवणाऱ्याची काळजीही होती.

अकरा महिने तिच्याकडे कुणी पाहत नाही. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या बारा दिवस आधी हरणाच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि सोळा दिवस चालतो. तेव्हा रस्त्याकडेला पहाटेपासून पिकअप उभ्या राहतात आणि नारिंगी टोप्या झाडांतून हलताना दिसतात. आम्हीही त्या दिवसांत कुत्र्याच्या गळ्यात नारिंगी पट्टा बांधल्याशिवाय त्याला बाहेर नेत नाही. त्या सोळा दिवसांत ती पाटी कामावर असते.

तिचं काम समजायला मला थोडं मागे जावं लागलं. व्हरमाँटची राज्यघटना 1777 सालची. तेव्हा हे अमेरिकेतलं राज्यही नव्हतं. संघराज्यात ते 1791 मध्ये सामील झालं. इंग्लंडमध्ये शिकार हा जमीनदार-उमरावांचा मामला होता. या डोंगरात येऊन राहिलेल्या लोकांनी ते मनात धरून घटनेतच लिहून ठेवलं की इथल्या रहिवाशांना हंगामात स्वतःच्या जमिनीवर आणि कुंपण न घातलेल्या दुसऱ्याच्या जमिनीवरही शिकार करायची मोकळीक राहील. ते कलम आजही आहे. म्हणजे इथलं रान मुळात मोकळं. मालकाला ते बंद करायचं असेल तर त्याने तसं सांगायचं, आणि सांगायची रीत म्हणजे ही पाटी.

मी साताऱ्याकडचा. हे वाचताच मला आमच्याकडचा शब्द आठवला, वहिवाट. बांधावरून शाळेत जायची वाट, विहिरीवर जायची वाट. सातबारा कुणाच्याही नावावर असो, पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथून जात आलेत म्हणून ती त्यांची. शिकार आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर जवळजवळ संपलीच, त्यामुळे आपल्या बांधाला तो प्रश्न पडत नाही. पण मालकी एकाची आणि वापर चौघांचा, ही गाठ तीच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही ती येऊन गेली आहे. 1922 मध्ये मिसुरीतल्या एका जमिनीवरून शिंपले काढल्याच्या खटल्यात न्यायमूर्ती होम्स यांनी नोंदवलं की देशाच्या मोठ्या भागात बिनकुंपणाच्या, बिनलागवडीच्या रानात लोक फिरतात ते तिथल्या रिवाजाने, आणि मालकाने मना केलेलं नसेल तर त्या रिवाजातूनच परवानगी धरता येते. हीच ती वहिवाट.

वहिवाट मोडायची तर कायदा पाटीकडून पुष्कळ मागतो. व्हरमाँटमध्ये हद्दीवर दर 400 फुटांच्या आत एक आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक पाटी हवी. अक्षरं मागच्या रंगावर उठून दिसायला हवीत. दरवर्षी नवी तारीख घालायला हवी. आणि गावच्या कचेरीत टाउन क्लार्ककडे 5 डॉलर भरून दरवर्षी नोंद करायला हवी. यातलं एक जरी चुकलं तरी कायद्याच्या नजरेत रान पुन्हा मोकळं. इतर राज्यांत तिची भावंडं वेगळी दिसतात. आर्कान्सामध्ये 1989 पासून आणि टेक्ससमध्ये 1997 पासून झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे ओढले तरी मनाई समजली जाते. रंगाचा पट्टा कुणी उपटून नेऊ शकत नाही, म्हणून मालकांना तो सोयीचा वाटतो. मला मात्र आमची पाटीच बरी वाटते. पट्ट्यावर तारीख घालता येत नाही.

तारीख का महत्त्वाची, हे मला त्या पहिल्या नोव्हेंबरात उमगलं.

संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. इथे तेव्हा अंधार पडलेला असतो. दाराची कडी वाजली. बाहेर पलीकडच्या रस्त्यावरचे एक आजोबा, सत्तरी ओलांडलेले, नारिंगी जाकीट, मिशांवर दहिवर. हातात बंदूक नव्हती; ती गाडीत ठेवून आले होते. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. शेजारच्या रानात मावळतीला एका नराला गोळी घातली, घाव नीट बसला, पण तो पळाला आणि त्याचा माग आमच्या हद्दीत शिरला आहे. आत जाऊन आणू का?

मी टॉर्च घेऊन त्यांच्याबरोबर निघालो. मेपलपाशी ते थांबले आणि त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं. ताज्या, पातळ बर्फावर रक्ताचे थेंब पडले होते, नाण्याएवढे, एका ओळीत. पाटीच्या अलीकडे चार, पलीकडे पुढे आणखी. आणि त्यांच्या बुटांचे ठसे ओळीच्या बाजूबाजूने येऊन पाटीपाशी संपत होते. तिथे बर्फ पुष्कळ तुडवला गेला होता. ते तिथे बराच वेळ उभे राहिले असणार. मग ठसे वळून मागे रस्त्याकडे गेले होते. घायाळ जनावर पुढे गेलेलं, उजेड संपत आलेला, आणि हा माणूस मैलभर वळसा घालून विचारायला आला होता.

मी म्हटलं, "आजोबा, ही तारीख चार वर्षांपूर्वीची आहे. ही पाटी आता लागूच होत नाही."

ते म्हणाले, "ठाऊक आहे. पण कुणीतरी लावली आहे ना."

नर दीडशे पावलांवर एका हेमलॉकखाली पडलेला मिळाला. तो केव्हाच गेला होता. आजोबांनी टोपी काढली, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि क्षणभर काही बोलले नाहीत. मी शिकारी नाही, माझ्या घरात मांस शिजत नाही. पण त्या हातात मला आपल्या शेतकऱ्याचा हात दिसला, पहिलं कणीस खुडतानाचा.

परत येताना ते बोलत राहिले. याच रानात त्यांच्या वडिलांनी त्यांना माग काढायला शिकवलं. त्यांच्या आजोबांच्या लहानपणी या डोंगरांत हरीण दिसणं म्हणजे नवलाईच होती. मेंढ्यांसाठी जंगल तोडलं गेलं आणि हरणं जवळजवळ संपली. 1878 मध्ये न्यू यॉर्कमधून सतरा हरणं आणून सोडली, ती वाढली आणि 1897 मध्ये पुन्हा हंगाम उघडला. आज राज्याचा बहुतेक भाग जंगल आहे आणि त्यातलं बरंचसं खाजगी. हरणांना पाटी वाचता येत नाही, ती सगळ्यांच्या जमिनीवर चरतात. मग त्यांची देखरेखही सगळ्यांनी मिळून करायला हवी, असं आजोबांचं म्हणणं. आधीच्या मालकाने पाट्या का लावल्या, हेही त्यांना माहीत होतं. कुणीतरी घराच्या अगदी जवळ गोळी झाडली होती आणि कुणाच्या तरी गाडीने ओढ्याकाठचा चिखल उकरून टाकला होता. "त्याची चूक नव्हती," ते म्हणाले. "पण त्याने एकदा पाटी लावली आणि पुन्हा कधी हद्दीवर आला नाही. मग विचारायचं कुणाला?"

त्यानंतर त्या पाटीकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. तिच्यावरची मनाई खरी होती आणि तिचं कारणही खरं होतं. तिला माणसाची साथ राहिली नव्हती, एवढंच. कायदा दरवर्षी तारीख मागतो ती मालकाचा छळ करायला मागत नाही. तारीख घालायची तर दर 400 फुटांवर थांबत अख्खी हद्द पायी फिरावी लागते. कोणतं झाड पडलं, ओढा कुठे सरकला, कुणाच्या पायवाटा उमटल्या, हे डोळ्यांनी पाहावं लागतं. माझे वडील पावसाळ्यापूर्वी बांधावरून एक फेरी मारत, तसंच हे. जमीन आपली आहे असं म्हणायचं तर वर्षातून एकदा तरी तिच्या कडेने चालावं.

पुढच्या ऑक्टोबरात आम्ही नव्या पाट्या लावल्या. त्यांच्यावर मनाईच्या जागी, शिकार परवानगीने, असं आहे आणि खाली आमचा फोन नंबर. खिळे अ‍ॅल्युमिनियमचेच घेतले आणि डोकं बोटभर बाहेर ठेवलं, म्हणजे झाडाला वाढायला जागा राहते. मेपलवरची म्हातारी मात्र काढली नाही. ती आता सालीत इतकी रुतलीय की ओढली तर झाडाला जखम होईल. नवी पाटी तिच्या खाली लावली आणि नावाच्या रेघेवर आमचं नाव, तारखेच्या रेघेवर त्या दिवसाची तारीख घातली.

आजोबांना मी सांगितलं, तुम्हाला कायमची परवानगी, फोन करायची गरज नाही.

तरीही हंगामाच्या आदल्या रात्री दरवर्षी फोन वाजतो. "उद्या येऊ का?" ते विचारतात. मी एकदा म्हटलंही, अहो, तुम्हाला तर सांगून ठेवलंय. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही पाटीवर दरवर्षी तारीख घालता ना? मग मीही दरवर्षी विचारणार."