भैरवीनंतरची नऊ वर्षं

२०१३च्या जानेवारीत इंग्रज गिटारवादक विल्को जॉन्सनने जाहीर केलं, की आपल्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, शस्त्रक्रिया होण्यासारखी नाही आणि केमोथेरपी आपण घेणार नाही. डॉक्टरांच्या हिशेबाने हातात दहाएक महिने होते. वय ६५. मार्चमध्ये इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये निरोपाचे कार्यक्रम लागले आणि तिकिटांवर लोकांच्या उड्या पडल्या.

विल्को थेम्सच्या मुखाशी असलेल्या कॅन्व्ही बेटावरचा. भरतीच्या पातळीच्याही खालची ती सखल जमीन, कडेला तेलाच्या टाक्या. इंग्रजी साहित्य शिकून पदवी घेतली, मग रस्त्याच्या वाटेने थेट भारतापर्यंत भटकून आला, परत जाऊन शाळेत मास्तरकी केली आणि १९७०च्या दशकात 'डॉक्टर फीलगुड' या बँडमध्ये गिटार घेऊन उभा राहिला. पुढे पंकवाल्या पोरांनी ज्यांच्याकडून उचललं, त्यांतला हा एक. तारा छेडायची पट्टी बोटांत धरायची नाही, ताल आणि सुरावट दोन्ही उघड्या बोटांनीच काढायची, डोळे वटारून रंगमंचावर मागेपुढे सरकत राहायचं आणि गिटार बंदुकीसारखी प्रेक्षकांवर रोखायची, असा त्याचा खाक्या. पुढे वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी बेस वाजवणारा नॉर्मन वॉट-रॉय जन्माने मुंबईचा, हे मला उशिरा कळलं आणि उगाचच बरं वाटलं.

आजार कळल्यावर काय झालं, ते त्याने पुष्कळ मुलाखतींतून सांगितलं आहे. जन्मभर उदासीने घेरलेला हा माणूस. २००४ साली बायको, आयरीन, कॅन्सरनेच गेली, त्यातून तो कधी नीट सावरला नव्हता. पण त्या दिवशी हॉस्पिटलबाहेर पाऊल टाकलं आणि झाडं, आकाश, सगळं एकदम लख्ख दिसायला लागलं. इतकं जिवंत आपल्याला कधी वाटलंच नव्हतं, असं तो सांगायचा. पुढची काळजी संपली, कारण पुढचं काही उरलंच नव्हतं.

हे वाचताना मला माझा मामा आठवला. आपल्याकडे आजाऱ्याला आजार सांगत नाहीत. डॉक्टरांनी आम्हाला केबिनबाहेर गाठून सगळं सांगितलं आणि मामाला आम्ही 'अल्सर आहे, पथ्य सांभाळ' एवढंच सांगितलं. त्याने एकदाही उलट विचारलं नाही. फक्त लॉकरची किल्ली मामीच्या हाती दिली आणि विम्याचे कागद कुठल्या फायलीत आहेत ते दाखवून ठेवलं. त्याला ठाऊक होतं, आम्हालाही ठाऊक होतं, आणि शेवटपर्यंत आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारल्या. विल्कोला निदान मनासारखा निरोप तरी घेता आला. निरोप घेण्याचा हक्क आम्ही मामाकडून काढून घेतला, असं मला अजून वाटतं.

पण निरोपाच्या दौऱ्यातही एक गोम आहे. भैरवी झाली की मैफल संपते. गवई तंबोरे पुन्हा जुळवायला घेत नाही आणि श्रोतेही चपला शोधायला लागतात. विल्कोची भैरवी झाली, श्रोते डोळे पुसून घरी गेले, दहा महिनेही उलटले, आणि गवई बसलेलाच! २०१३च्या नोव्हेंबरात त्याने 'द हू' या बँडच्या रॉजर डाल्ट्रीबरोबर आठवड्याभरात 'गोइंग बॅक होम' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. आपण हयात असताना तो बाहेर येईल याची त्याला खात्री नव्हती. २०१४च्या मार्चमध्ये तो आला आणि ब्रिटनच्या अल्बमच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बसला.

इथे कथेत चार्ली चॅन येतो. मैफलींचे फोटो काढण्याचा नाद असलेला हा माणूस पेशाने कॅन्सरचा शल्यचिकित्सक. त्याला साधा प्रश्न पडला: स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरचा रोगी एव्हाना अंथरुणाला खिळायला हवा, मग हा अजून उड्या कसा मारतोय? त्याने विल्कोला केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स हॉस्पिटलमध्ये इमॅन्युएल ह्यूगे या सर्जनकडे पाठवलं. गाठ निराळ्या जातीची, सावकाश वाढणारी निघाली. २०१४च्या वसंतात कित्येक तासांची शस्त्रक्रिया झाली. जवळपास तीन किलोंची गाठ आणि तिच्याबरोबर स्वादुपिंड, प्लीहा, जठराचा व आतड्यांचा काही भाग काढला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने सांगून टाकलं, आपण बरे झालो.

रंगमंचावरच मरण यावं, ही आपल्याकडच्या नटांची आणि गवयांची आवडती इच्छा. आपल्यालाही तसं ऐकलं की गहिवरून येतं. विल्कोने त्या गहिवराची पंचाईत केली. केमो नाकारून गिटार उचलणारा शूर म्हातारा म्हणून त्याची गोष्ट अजून सांगतात. मला ते धोक्याचं वाटतं. त्याला तगवलं ते गाठीच्या संथ स्वभावाने, आणि वाचवलं ते फाईल पुन्हा उघडून बघणाऱ्या डॉक्टरने. धैर्य आणि संगीत यांनी मधले महिने चांगले गेले. तेही कमी नाही, पण ती निराळी गोष्ट. कुणाचं असं निदान झालं, तर कागद दुसऱ्या तज्ज्ञाला जरूर दाखवा.

बरा झाल्यावर ते लख्ख आकाश मात्र राहिलं नाही. स्वादुपिंड गेल्याने मधुमेह पाठीशी लागला आणि जुनी उदासीही परत आली, हे त्याने लपवलं नाही. मला यात त्याचा सगळ्यात मोठा प्रामाणिकपणा दिसतो. जीव वाचला म्हणजे माणसाने आनंदीच असलं पाहिजे, हा आपला हट्ट त्याने मानला नाही. आठवणींचं पुस्तक लिहिलं, २०१८ साली नवा अल्बम काढला आणि कार्यक्रम करत राहिला. ऑक्टोबर २०२२मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायरमध्ये तो शेवटचं वाजवून गेला. हा कार्यक्रम निरोपाचा म्हणून जाहीर झालेला नव्हता. महिनाभराने, २१ नोव्हेंबरला, वयाच्या ७५व्या वर्षी तो घरी वारला.